सोशल लॉगिन एसएसओला जोडताय? मग या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना घ्या, होटगी रोडवरचं एखादं हॉस्पिटल घ्या, नाहीतर जुळे सोलापुरातला क्लास घ्या, आजकाल सगळीकडं चार-पाच सॉफ्टवेअर असतातच. हजेरीचं वेगळं, स्टॉकचं वेगळं, पगाराचं वेगळं, ऑर्डरचं वेगळं, आणि प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. मग कुणीतरी सांगतं की एसएसओ लावा, एकदाच लॉगिन करायचं आणि सगळीकडं आत. ते लागलं की लगेच पुढची मागणी येते, "पासवर्डच नको ओ, गूगलचं बटण द्या की, फेसबुकचं पण द्या". मागणी एकदम बरोबर आहे, कारण कामगाराला दहा अक्षरी पासवर्ड लक्षात ठेवायला लावणं म्हणजे तो पासवर्ड मशीनवर खडूने लिहिलेला सापडणार. पण होतं काय, बटण दिसायला लागलं, सेटिंग करणारा स्वतःच्या जीमेलने एकदा आत जाऊन आला, की काम झालं म्हणून सोडून देतात. आणि मग सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू होताना फोन येतो, "सर, हे गूगल आत घेईनाय की".

मी हे सगळं कीक्लोक हे एसएसओचं सॉफ्टवेअर धरून लिहितोय, कारण ते ओपन सोर्स आहे, लायसनचे पैसे लागत नाहीत, आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. तुम्ही दुसरं काही वापरत असाल तर बटणांची नावं वेगळी असतील, चुका मात्र ह्याच.

आधी बघा कुठं अडकलंय

एरर आला की लोक डायरेक्ट सेटिंग बदलायला बसतात, हे बदल, ते बदल, आणि शेवटी मूळ सेटिंग काय होती तेच आठवत नाही. असं करू नका. आधी हे डोक्यात पक्कं करा की इथं दोन नाही, तीन पार्ट्या आहेत. तुमचं ॲप, मधला एसएसओ सर्व्हर आणि पलीकडं गूगल. ॲप माणसाला एसएसओकडं पाठवतं, एसएसओ त्याला गूगलकडं पाठवतो, गूगल परत एसएसओकडं पाठवतं, आणि एसएसओ परत ॲपकडं. दोन वेगळे व्यवहार आहेत हे, दोन्हीचा क्लायंट आयडी (लॉगिन मागणाऱ्याचं ओळखनाव) वेगळा, सिक्रेट (त्याचा गुप्त पासवर्ड) वेगळं, रिडायरेक्ट यूआरआय (लॉगिननंतर माणसाला परत पाठवायचा पत्ता) वेगळा.

म्हणून एरर आला की ब्राउझरच्या वरच्या पट्टीत बघा, पत्ता कुणाचा दिसतोय. गूगलच्या पानावर एरर असेल तर गूगलच्या कन्सोलमधलं, म्हणजे गूगल लॉगिनची सेटिंग जिथं करतो तिथलं, काहीतरी चुकलंय. गूगलवर खातं निवडून झालं, परत तुमच्या एसएसओच्या पत्त्यावर आलं आणि मग फाटलं, तर एसएसओ आणि गूगल यांच्यात मागच्या दाराने जी टोकनची (लॉगिन झाल्याचा डिजिटल पास) देवाणघेवाण होते तिथं घोळ आहे. म्हणजे सिक्रेट चुकलंय, नाहीतर सर्व्हरचं घड्याळ, नाहीतर फायरवॉल. आणि ॲपच्या पत्त्यावर येऊन फाटलं तर गूगलचा काही संबंध नाही, ॲप आणि एसएसओचं आपापसातलं भांडण आहे. एवढं बघितलं तरी तीनातली दोन ठिकाणं शोधायची वाचतात. स्क्रीनशॉट मागवताना पण लोकांना सांगा की नुसता एरर नको, वरच्या पट्टीसकट फोटो पाठवा.

रिडायरेक्ट यूआरआय, एक अक्षर पण इकडचं तिकडं नको

सगळ्यात जास्त दिसणारा एरर हाच, गूगल सांगतं रिडायरेक्ट यूआरआय मिसमॅच, एरर ४००. आणि ह्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लोक गूगलच्या कन्सोलमध्ये स्वतःच्या ॲपचा पत्ता टाकतात. गूगल तुमच्या ॲपला ओळखतच नाही, ते ओळखतं फक्त एसएसओला. त्यामुळं तिथं एसएसओचाच पत्ता पाहिजे, कीक्लोकमध्ये तो रिल्मचं (कीक्लोकमधला तुमचा विभाग) नाव, मग ब्रोकर, मग प्रोव्हायडरचा (गूगल, फेसबुक असा लॉगिन देणारा) एलियस म्हणजे टोपणनाव, आणि शेवटी एंडपॉइंट असा असतो. हाताने टाइप करायच्या भानगडीत पडूच नका. कीक्लोकमध्ये गूगलचा प्रोव्हायडर उघडला की रिडायरेक्ट यूआरआय तयार लिहिलेला असतो, तो कॉपी करा आणि गूगलमध्ये पेस्ट करा.

गूगल हा पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून बघतं. शेवटचा स्लॅश जास्त झाला तर नाही चालत, कॅपिटल-स्मॉल चुकलं तर नाही चालत, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस तर सोडाच. रिल्मचं नाव सोलापूर कॅपिटल एसने ठेवलं असेल तर तिकडं पण कॅपिटलच पाहिजे.

अजून एक लई ठिकाणी बघितलंय. कीक्लोकचं जुनं व्हर्जन असतं तेव्हा पत्त्यात मध्ये ऑथ हा शब्द असायचा. २०२२ मध्ये व्हर्जन १७ पासून तो डीफॉल्टमध्ये निघून गेला. आता कुणी अपग्रेड केलं, सगळं नीट चालू झालं, ॲडमिन पान उघडतंय, आणि गूगलचं लॉगिन तेवढं बंद, कारण गूगलमध्ये अजून जुना पत्ता पडलाय. गूगलमध्ये एकापेक्षा जास्त पत्ते टाकता येतात, त्यामुळं अपग्रेडच्या आधीच नवा पत्ता पण टाकून ठेवा, चार दिवसांनी जुना काढा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर लॉगिनसाठी जे ओऑथ ॲप नोंदवतात, त्याला मात्र एकच कॉलबॅक पत्ता घेता येतो, त्यामुळं तिथं टेस्ट सर्व्हरसाठी वेगळं ॲप काढा.

आता कारखान्यातल्या सर्व्हरची गोष्ट. बऱ्याच ठिकाणी सर्व्हर ऑफिसमध्येच कपाटात असतो आणि पत्ता असतो १९२.१६८ वाला आयपी, नाहीतर शेवटी डॉट लोकल लावलेलं काहीतरी नाव. गूगल हे दोन्ही घेत नाही. नुसता आयपी चालत नाही, आणि नाव खऱ्या डोमेनचं पाहिजे, वर एचटीटीपीएस पाहिजे, सूट फक्त लोकलहोस्टला आहे. लोक इथं अडकतात आणि मग सर्व्हर इंटरनेटवर उघडा टाकतात, ते तर अजिबात करू नका. गूगलला तुमच्या सर्व्हरपर्यंत यायची गरजच नसते, परत पाठवायचं काम माणसाचा ब्राउझर करतो. कारखान्याचं स्वतःचं डोमेन असेल ना, चादरी-टॉवेलच्या एक्स्पोर्टसाठी वेबसाइट काढलेली असतेच, तर त्याचंच एक सबडोमेन घ्या, ऑफिसच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणारी यादी) ते आतल्या आयपीकडं वळवा, आणि एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट डीएनएस चॅलेंजने (डोमेनच्या नोंदीत खूण टाकून मालकी दाखवून) काढा, त्यासाठी सर्व्हर बाहेरून दिसावा लागत नाही. फक्त बाहेर जायचा रस्ता, पोर्ट ४४३, गूगलकडं उघडा पाहिजे. तो फायरवॉलने बंद केलेला असेल तर लक्षण ठरलेलं असतं, गूगलचं पान छान उघडतं, खातं निवडता येतं, आणि परत आल्यावर पान नुसतं गोल गोल फिरत राहतं आणि मग एरर.

पुढं एनजिनेक्स लावला की एस गायब

हे छोटंय पण डोकं खातं. पुढं एनजिनेक्स, म्हणजे बाहेरून येणारं आधी घेऊन मागं देणारा वेब सर्व्हर, आणि मागं कीक्लोक. बाहेरून एचटीटीपीएस, आत साधं एचटीटीपी. कीक्लोकला वाटतं आपण एचटीटीपीवरच आहोत, आणि तो गूगलला तसाच पत्ता देतो, गूगल नाही म्हणतं. तुम्ही गूगलच्या कन्सोलकडं तासभर बघत बसता आणि तिथं सगळं बरोबरच असतं. एनजिनेक्समधून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो आणि होस्टचे हेडर (बाहेरचा मूळ पत्ता सांगणाऱ्या चिठ्ठ्या) पुढं पाठवा, कीक्लोकला प्रॉक्सी हेडर वाचायला सांगा आणि होस्टनेम पूर्ण पत्त्यासकट सेट करा. जुन्या लेखांत प्रॉक्सी एज अशी सेटिंग सांगितलेली असते, नव्या व्हर्जनमध्ये ती पद्धत बदललीय, तेव्हा कुठल्या व्हर्जनचं वाचताय ते बघा.

ईमेल म्हणजे माणूस असं धरून चालू नका

इथं मी जरा जास्त वेळ घेणार, कारण वरच्या चुकांनी लॉगिन होत नाही एवढंच होतं, ह्या चुकीने दुसऱ्याच माणसाच्या खात्यात लॉगिन होतं.

आपल्याकडची परिस्थिती आधी बघा. कामगाराने मोबाईल घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानेच जीमेल काढून दिलेलं असतं, पासवर्ड त्या पोरालाच माहीत. घरात एकच जीमेल, बायकोच्या फोनमध्ये तेच, पोराच्या फोनमध्ये पण तेच. एचआरने एक्सेलमध्ये ईमेलचा कॉलम भरायचा म्हणून सुपरवायझरचाच ईमेल दहा जणांपुढं टाकलेला. आणि ह्या एक्सेलवरून खाती इम्पोर्ट करून आपण म्हणतो ईमेल जुळला की आत सोडा. ज्या सिस्टीममध्ये पगाराची स्लिप दिसते, बँक खात्याचा नंबर दिसतो, तिथं हे चालणार नाही. गूगल लावायच्या आधी एक दिवस ती एक्सेल घेऊन बसा, डुप्लिकेट ईमेल काढा, रिकामे बाजूला करा. कंटाळवाणं काम आहे पण हे केल्याशिवाय पुढं जाऊ नका.

मग टेक्निकल बाजू. गूगल प्रत्येक खात्याला एक कायमचा नंबर देतं, टोकनमध्ये तो सब नावाने येतो. ईमेल बदलू शकतो, हा नंबर बदलत नाही, आणि गूगल स्वतः सांगतं की ओळख म्हणून हाच वापरा. कीक्लोक एकदा लिंक झाल्यावर ह्या नंबरावरच चालतो, ते चांगलंय. पण तुम्ही स्वतः लिहिलेल्या ॲपमध्ये एसएसओकडून आलेल्या ईमेलवर युजर शोधत असाल तर सगळं केलेलं पाण्यात. तुमच्या ॲपने पण एसएसओकडून आलेला सबच जपून ठेवायचा.

मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत ह्याचं मोठं प्रकरण झालं होतं, जून २०२३ मध्ये नोऑथ नावाने ते बाहेर आलं. मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा आयडीमध्ये, तेव्हा त्याला अझूर एडी म्हणायचे, एखाद्या कंपनीचा ॲडमिन आपल्या युजरच्या खात्यात ईमेलच्या रकान्यात कुणाचाही ईमेल टाकू शकत होता, तो त्याचाच आहे का हे तपासलं जात नव्हतं. ज्या वेबसाइट नुसत्या ईमेलवर विश्वास ठेवून खाती जोडायच्या तिथं हल्लेखोर दुसऱ्याचा ईमेल लावून त्याच्या खात्यात घुसू शकत होता. पासवर्ड नको, ओटीपी नको, काही नको.

म्हणून कीक्लोकमधलं ट्रस्ट ईमेल हे बटण विचार करून दाबा. ते चालू केलं की समोरून आलेला ईमेल तपासलेलाच आहे असं कीक्लोक मानतो. गूगलच्या जीमेल पत्त्यांसाठी ते ठीक आहे, कारण तो पत्ता गूगलनेच दिलेला असतो. पण कुठल्यातरी दुसऱ्या प्रोव्हायडरला, ज्याचं ईमेल तपासायचं धोरण तुम्हाला माहीत नाही, त्याला ते चालू करू नका.

पहिल्यांदा कुणी गूगलने आलं की कीक्लोक फर्स्ट ब्रोकर लॉगिन नावाचा फ्लो, म्हणजे ठरलेल्या पायऱ्या, चालवतो. त्या ईमेलचं खातं आधीच असेल तर तो माणसाला विचारतो की जोडायचं का, आणि मग ईमेलवर लिंक पाठवून किंवा जुना पासवर्ड विचारून खात्री करतो. आता कामगारांना ते पान कळत नाही, फोन येतात, म्हणून सेटिंग करणारा वैतागून ती खात्रीची पायरी काढून टाकतो आणि आपोआप जोडून टाक असं करतो. लोक खूश होतात, फोन बंद होतात. पण समजा त्याच एसएसओवर कुणालाही स्वतः रजिस्टर करता येतंय, आणि कुणीतरी आधीच तुमच्या अकाउंटंटच्या ईमेलने खातं काढून स्वतःचा पासवर्ड लावून ठेवलाय. अकाउंटंट नंतर गूगलने येतो, खातं आपोआप जोडलं जातं, आणि दोघांकडं एकाच खात्याची किल्ली. खात्रीची पायरी ठेवायची नसेल तर निदान रजिस्ट्रेशन बंद ठेवा आणि खाती फक्त एचआरनेच काढायची असा नियम करा, वर ईमेल तपासलेले पाहिजेत.

उलटी तक्रार पण येते. "लॉगिन झालं सर, पण आत काहीच दिसत नाही". इथं काय झालेलं असतं, एचआरकडं त्या माणसाचा ईमेल वेगळा होता किंवा नव्हताच, त्याने घरच्या जीमेलने बटण दाबलं, कीक्लोकला जुळणारं खातं सापडलं नाही, त्याने नवीन कोरं खातं काढून दिलं. त्याला ना रोल, ना डिपार्टमेंट. महिनाभराने बघाल तर एकाच माणसाची तीन खाती, एक पासवर्डचं, एक गूगलचं, एक फेसबुकचं. ऑफिसातल्या लोकांसाठी सिस्टीम असेल तर नवीन खातं काढायची पायरीच बंद करा, त्या फ्लोची कॉपी काढून त्यात क्रिएट युजर इफ युनिक डिसेबल करा आणि त्याऐवजी आधीचं खातं शोधणारी पायरी लावा.

आणि इथं अकाउंट लिंकिंग ओन्ली हे बटण दिसतं म्हणून ते दाबू नका. नाव वाचून वाटतं की ज्यांनी जोडलंय त्यांनाच आत घेईल, पण त्याचा अर्थ वेगळाय, ते चालू केलं की त्या प्रोव्हायडरने लॉगिनच करता येत नाही, फक्त खातं जोडून ठेवता येतं. बटणच गायब झालं म्हणून शोधत बसतात लोक.

माझं स्वतःचं मत असं की कारखान्यासारख्या ठिकाणी सगळ्यात सुरक्षित रस्ता म्हणजे पहिल्या वेळी एम्प्लॉयी नंबर आणि एचआरने दिलेला तात्पुरता पासवर्ड घेऊन आत यायचं, मग आपल्या खात्याच्या पानावरून गूगल जोडायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून फक्त बटण. एका शिफ्टला सुपरवायझरजवळ उभं राहून सगळ्यांचं करून घेता येतं. ईमेल जुळवायचा प्रश्नच येत नाही.

ईमेल येईलच असं पण नाही

फेसबुकवर कितीतरी लोकांनी मोबाईल नंबरने खातं काढलेलं असतं, त्यांचा ईमेलच नसतो, आणि असला तरी परवानगीच्या पानावर तो काढून टाकता येतो. गिटहबवर ईमेल प्रायव्हेट ठेवला असेल तर प्रोफाइलमध्ये तो रिकामा येतो, वेगळी परवानगी घेऊन वेगळ्या ठिकाणाहून मागावा लागतो. ॲपल तर नाव आणि ईमेल फक्त पहिल्यांदाच देतं, टेस्ट करताना एकदा लॉगिन केलं आणि तेव्हा सेव्ह झालं नाही तर दुसऱ्यांदा नाव येत नाही, त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपचं ॲपल लॉगिन बंद करून परत करावं लागतं. वर ॲपलमध्ये माणूस खरा ईमेल लपवू शकतो, मग तुम्हाला प्रायव्हेट रिलेचा पत्ता मिळतो, तो एचआरच्या एक्सेलशी कधीच जुळणार नाही.

नावाचं पण बघा. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळी घरं आहेत, तेलुगू घरांत आडनाव पुढं, कुणाचं नुसतं एक अक्षर, कुणाच्या गूगल खात्यात आडनाव टाकलेलंच नाही. कीक्लोकच्या नव्या व्हर्जनमध्ये युजर प्रोफाइलला आडनाव सक्तीचं असतं डीफॉल्टमध्ये, त्यामुळं अशा माणसाला लॉगिननंतर अचानक माहिती भरा असं इंग्रजी पान येतं आणि तो तिथंच थांबतो. सक्ती काढून टाका, पगाराच्या कागदावर जाणारं नाव एचआरकडूनच घ्या, फेसबुकवरचं घेऊ नका. आणि सिंक मोड फोर्स ठेवला असेल तर प्रत्येक लॉगिनला समोरचं नाव येऊन तुमचं नाव पुसतं, एचआरने नीट केलेलं नाव दुसऱ्या दिवशी परत बिघडलेलं दिसतं. इम्पोर्ट मोड ठेवा, मग फक्त पहिल्यांदाच घेतं.

"माझ्याकडं चालतंय की, तुमच्याकडं का नाही"

सेटिंग करणाऱ्याकडं चालतं, बाकी कुणाकडं नाही. जवळजवळ नेहमी ॲप अजून टेस्टिंगमध्ये असतं. गूगलमध्ये ओऑथ कन्सेंटचं (परवानगीच्या पानाचं) स्टेटस टेस्टिंग असेल तर तुम्ही यादीत टाकलेले टेस्ट युजरच आत येतात, जास्तीत जास्त १००, बाकीच्यांना एरर ४०३ ॲक्सेस डिनाइड. फेसबुकमध्ये ॲप डेव्हलपमेंट मोडमध्ये असेल तर ज्यांना ॲपमध्ये रोल दिलाय तेवढेच. त्यामुळं लाइव्ह करायच्या आदल्या दिवशी ज्याचा ह्या सेटिंगशी काही संबंध नाही अशा माणसाच्या फोनवर, इनकॉग्निटोमध्ये लॉगिन करून बघा. फेसबुकला लाइव्ह करायला प्रायव्हसी पॉलिसीची लिंक लागते, डेटा डिलीट करायची सोय सांगावी लागते, ते आधीच तयार ठेवा, ऐनवेळी धावपळ नको.

गूगलकडून नुसतं नाव, ईमेल आणि प्रोफाइल मागितलं तर मोठ्या तपासणीचा त्रास नसतो. पण कुठलंतरी उदाहरण कॉपी करून ड्राइव्ह नाहीतर कॉन्टॅक्टची परवानगी पण मागितली की व्हेरिफिकेशनमध्ये अडकता, आणि लोकांना पण लाल इशारा दिसतो. लागतं तेवढंच मागा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पण तेच सांगतो, कामापुरताच डेटा घ्या, आणि क्लासवाल्यांनी हे खास लक्षात घ्या की त्या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरलाय आणि त्याच्यासाठी पालकांची संमती लागते. अकरावीच्या पोराला फेसबुकचं बटण द्यायच्या आधी विचार करा.

फोनवर अडतं, कॉम्प्युटरवर चालतं

लिंक इन्स्टाग्राम नाहीतर फेसबुकच्या आतच उघडली तर गूगलचं लॉगिन बसत नाही, डिसअलाउड युजर एजंट असा एरर देतं. गूगलने ॲपच्या आतल्या ब्राउझरमधून लॉगिन बंद केलंय, २०१७ पासूनच, कारण ते ॲप तुमचा पासवर्ड वाचू शकतं. हे बंदच असायला पाहिजे, ह्याला पळवाट शोधू नका. लोकांना सांगा वरच्या तीन टिंबांवर दाबून क्रोममध्ये उघडा. आणि स्वतःचं अँड्रॉइड ॲप बनवत असाल तर वेबव्ह्यू (ॲपच्या आतला ब्राउझर) न वापरता फोनचा ब्राउझर उघडा, कस्टम टॅब मिळतो त्यासाठी, सोबत पीकेसीई (मधे कुणी लॉगिनचा कोड चोरला तरी तो चालू नये म्हणूनची सोय) चालू ठेवा.

दुसरा प्रकार कुकीचा. गूगलकडं जाताना एसएसओ ब्राउझरमधल्या कुकीत (छोटी साठवलेली नोंद) एक स्टेट, म्हणजे खूण, ठेवतो आणि परत आल्यावर तो जुळवतो, म्हणजे मधेच कुणी खोटी लिंक घुसवू नये. माणसाने दोन टॅब उघडले, लॉगिनचं पान बुकमार्क करून ठेवलं, किंवा चहा पिऊन अर्ध्या तासाने परत आला की तो जुळत नाही आणि एरर येतो. लोकांना ॲपचा पत्ता बुकमार्क करायला सांगा, लॉगिन पानाचा नको. स्वतः कोड लिहिणारे कधीकधी त्रास होतो म्हणून स्टेटची तपासणीच काढून टाकतात, कृपा करून तसं करू नका, तो तपास कामाचा आहे. ॲपलला मात्र इथं खास अडचण येते, ते परत पाठवताना एचटीटीपीच्या पोस्ट पद्धतीने पाठवतं, आणि क्रोमने फेब्रुवारी २०२० पासून कुकीला सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी पाठवण्यावरचं बंधन) डीफॉल्ट केलंय, त्यामुळं दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत ती कुकी येतच नाही. स्वतः लिहिलेला कोड असेल तर त्या एका कुकीला सेमसाइट नन आणि सिक्युअर लावावं लागतं.

लॉगआउट केलं तरी आतच

कॉलेजच्या लॅबमध्ये आणि कारखान्याच्या गेटवरच्या एकाच कॉम्प्युटरवर हे रोज होतं. पहिला माणूस लॉगआउट करून जातो, दुसरा येऊन गूगलचं बटण दाबतो आणि काही न विचारता पहिल्याच्या नावाने आत. कारण तुमच्या ॲपमधून बाहेर पडला, कदाचित एसएसओमधून पण पडला, पण त्या ब्राउझरमध्ये गूगल चालूच आहे. प्रोव्हायडरच्या सेटिंगमध्ये प्रॉम्प्ट सिलेक्ट अकाउंट असं ठेवा, म्हणजे गूगल दरवेळी कुठलं खातं ते विचारेल. तरी पहिल्याचं खातं यादीत दिसणारच आणि त्यावर दाबलं तर आत जाणारच, म्हणून सामायिक कॉम्प्युटरवर गेस्ट मोडमध्येच ब्राउझर उघडेल अशी सोय करा. आणि ॲपचं लॉगआउट बटण एसएसओच्या लॉगआउटला जोडलंय का ते बघा, बऱ्याच ॲपमध्ये ते नुसतं स्वतःची कुकी पुसतं.

सिक्रेट, घड्याळ आणि मालकी

क्लायंट सिक्रेट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) तर नकोच. गेलं असेल तर फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ते राहतं, नवं सिक्रेट काढा आणि जुनं रद्द करा. गूगल आता नवं सिक्रेट फक्त तयार करतानाच दाखवतं, तेव्हाच पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. कीक्लोकच्या ॲडमिन पानावरून रिल्म एक्स्पोर्ट केलं तर सिक्रेटच्या जागी नुसत्या चांदण्या येतात, आणि नव्या सर्व्हरवर इम्पोर्ट केलं की त्या चांदण्याच सिक्रेट म्हणून बसतात, मग इनव्हॅलिड क्लायंट. सर्व्हर बदलल्यावर हा एरर दिसला तर आधी हेच बघा. ॲपलचं सिक्रेट जास्तीत जास्त ६ महिने चालतं, ते संपायच्या आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, नाहीतर एके दिवशी काहीही न बदलता लॉगिन बंद पडेल.

इनव्हॅलिड ग्रँट आला किंवा टोकन अजून सुरू झालं नाही, संपलं असं काही लॉगमध्ये दिसलं तर सर्व्हरचं घड्याळ बघा. टोकनवर वेळ लिहिलेली असते आणि सर्व्हर पाच-दहा मिनिटं मागं-पुढं असेल तर ते बाद ठरतं. लाइट जाऊन आल्यावर जुन्या मशीनचं घड्याळ सरकतं, इंटरनेटवरून वेळ जुळवणारं क्रोनी लावून ठेवा.

आता मालकी. आपल्याकडं सेटिंग करणारा पोरगा हुशार असतो, वर्षभरात पुण्याला नोकरी लागते आणि जातो. गूगलचा प्रोजेक्ट त्याच्या घरच्या जीमेलवर, फेसबुकचं ॲप त्याच्या प्रोफाइलवर. त्याचं चुकलं असं नाही, त्याला कुणी वेगळं खातं दिलंच नव्हतं. पण पुढं डोमेन बदललं, पत्ता बदलायचा आहे आणि कन्सोलच उघडता येत नाही. नवा प्रोजेक्ट काढला तर गूगलचं निदान सब तेच राहतं, फेसबुक मात्र प्रत्येक ॲपला माणसाचा वेगळा आयडी देतं, म्हणजे नवं ॲप काढलं की आधीच्या सगळ्या लिंक तुटतात आणि प्रत्येकाला परत जोडायला बसवावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच कंपनीच्या ईमेलवर खातं काढा, दोन माणसांना ओनर करा, त्यातला एक मालकांच्या घरचा असला तरी चालेल, आणि रिकव्हरीचा मोबाईल नंबर ऑफिसचा द्या.

आणि एसएसओवर एक साधं पासवर्डवालं ॲडमिन खातं कायम ठेवा, सोशल लॉगिनशी न जोडलेलं, लांबलचक पासवर्ड आणि ओटीपी ॲप लावलेलं. गूगलची सेटिंग बिघडली तर ती दुरुस्त करायला आत कसं जाणार ते ह्या एकाच खात्यावर अवलंबून असतं. त्याचा पासवर्ड लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवा, आणि सहा महिन्यांतून एकदा त्याने खरंच आत जाता येतंय का ते करून बघा.